रीत – चौगुले सर

आमच्या गडमुडशिंगीच्या घरात मी पहिल्यांदा वाचलं ते पुस्तक नव्हतं, परात होती. परातीच्या काठावर टिंबाटिंबांनी आजोबांचं नाव घातलेलं होतं. शाळेत अक्षरं कळायला लागल्यावर मी ते मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा आईने हातातलं काम टाकून घरातली उरलेली भांडी माझ्यापुढे आणून मांडली आणि म्हणाली, "हे बी वाच." दोन तांब्यांवर आजोबांचं, एका पातेल्यावर वडिलांचं आणि एका वाटीवर शेजारच्या घरातलं नाव निघालं. ती वाटी किती वर्षं आमच्याकडे होती कुणास ठाऊक. आईने ती लगेच पदराखाली झाकून परत नेऊन दिली. माझ्या शिक्षणाने घराचं झालेलं हे पहिलं नुकसान.

पुढे गल्लीत कुणाचं लग्न झालं की उसन्या भांड्यांच्या ढिगासमोर मला बसवलं जायचं. मी नाव वाचायचं आणि त्या त्या बाईने आपलं भांडं उचलायचं. वडील शेतमजुरी करत. त्यांना सही येत नव्हती, पण या कामाला ते शाळेपेक्षा जास्त मान देत. दुसऱ्याचं भांडं आणलं तर आणलं म्हणून सांगावं, ज्याचं आहे त्याचं नाव तसंच राहू द्यावं, एवढं त्यांचं म्हणणं. माझ्या नोकरीत जो एकच मोठा घोटाळा झाला तो या शिकवणीमुळे झाला, म्हणून भांड्यांपासून सुरुवात केली.

हा लेख मागताना संपादकांनी मला सुचवलं होतं की तुमचे विद्यार्थी कोणकोण मोठे झाले ते लिहा. जे मोठे झाले ते आपलं आपण सांगतातच. मी एका गणिताबद्दल लिहितो. ते पाच गुणांचं होतं.

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. कोल्हापुरात एका बोर्डिंगात राहून, पंगतीत वाढप्याचं काम करून बी.एस्सी. झालो. कुणी जुनी पुस्तकं दिली, कुणी परीक्षेपुरतं घड्याळ दिलं. कॉलेजातल्या गणिताच्या सरांनी मला निश्चयक दिला.

ज्या वाचकांनी गणिताशी कायमची फारकत घेतली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन समीकरणं असतात आणि त्यांत क्ष आणि य असे दोघे लपलेले असतात. शाळेच्या पुस्तकातली रीत अशी की या समीकरणाला एका आकड्याने गुणा, त्याला दुसऱ्या आकड्याने गुणा, मग वजाबाकी करून एकाला हाकलून द्या, म्हणजे दुसरा एकटा सापडतो. रीत चांगली आहे, पण लांबची. निश्चयकात कुणाला हाकलावं लागत नाही. क्ष आणि य यांच्या पुढचे मिळून चार आकडे उचलायचे, दोन उभ्या रेघांच्या मध्ये दोनाखाली दोन असे मांडायचे, तिरके गुणायचे आणि वजा करायचे. उजवीकडचे आकडे घेऊन असंच आणखी दोनदा केलं आणि भागाकार मांडला की क्ष आणि य दोघंही हात वर करून बाहेर येतात. ही रीत मला कळली त्या दिवशी कॉलेजातून बोर्डिंगात जाताना वाटेत भेटलेल्या दोघांना मी ती समजावून सांगितली. त्यातला एक टांगेवाला होता.

गारगोटीच्या एका हायस्कुलात मला नोकरी लागली तेव्हा मॅट्रिक अकरावीला होती. शाळेच्या अभ्यासक्रमात निश्चयक नव्हता. शहाणा शिक्षक गप्प बसला असता. मी पहिल्या सहामाहीतच तो अकरावीच्या वर्गाला शिकवून टाकला. आमचे हेडमास्तर भले गृहस्थ होते. ते टोपी सारखी करत एवढंच म्हणाले की चौगुले, पुस्तकात आहे तेवढंच पोरांना पेलत नाही, तुम्ही वरून आणि कशाला ओतता.

पण माझी अडचण वेगळी होती. ही रीत माझी नव्हती. ती उसनी आणलेली होती, आणि मी ती वर्गात माझी असल्यासारखी वापरत होतो. म्हणून मी वर्गात नियम केला. पुस्तकाबाहेरची रीत वापरायची असेल तर गणिताच्या शेवटी ती कुणाकडून घेतली त्याचं नाव लिहायचं. मी स्वतः फळ्यावर निश्चयकाचं गणित सोडवलं की खाली "रीत – कॉलेजातले सर" असं लिहीत असे. मुलांच्या दृष्टीने देणारा मी, म्हणून ती "रीत – चौगुले सर" असं लिहीत.

मुलं या नियमाला माझ्यापेक्षा इमानी निघाली. एकाने बोटांच्या पेरांवर केलेल्या गुणाकाराखाली "रीत – आजी" असं लिहिलं. बापू नावाच्या एका मुलाने तर घटक चाचणीत अगदी बरोबर सोडवलेल्या गणिताखाली "रीत – सदा पाटील, पुढचा बाक" असं लिहून दिलं. मी त्याला उभं करून विचारलं, ही कॉपी झाली की नाही?

"व्हय सर," तो म्हणाला, "पर नाव घातलंय की."

मला त्याला शिक्षा करता येईना. शेवटी एकाच गणिताचे गुण मी दोघांत वाटून दिले. त्यावर सदा पाटील आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

या वर्गात रझिया पिंजारी होती. तिचे वडील दस्तगीरभाई एस.टी. स्टँडच्या मागे एका पत्र्याच्या शेडमध्ये कापूस पिंजायचे आणि गाद्या भरायचे. त्यांच्या केसांवर आणि भुवयांवर कायम कापूस बसलेला असे, त्यामुळे चाळिशीतला हा माणूस म्हातारा दिसायचा आणि तोंड धुतलं की एकदम तरुण व्हायचा. रझियाला निश्चयक माझ्याइतकाच आवडला. वहीची पानं संपली की ती वडिलांच्या शेडच्या पत्र्यावर खडूने उभ्या रेघा मारून गणितं सोडवी. गादी न्यायला आलेली माणसं तो कसला हिशेब म्हणून विचारत आणि दस्तगीरभाई बेधडक सांगत, "कॉलेजाचा हाय."

कॉलेज हे त्या घरातलं मोठं प्रकरण होतं. रझियाला मॅट्रिकनंतर कोल्हापूरला सायन्सला जायचं होतं. त्यांच्या घरातली कुठलीच मुलगी तोवर तेवढी शिकलेली नव्हती आणि नातेवाईकांचा विरोध होता. दस्तगीरभाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं, की निकाल लागू द्या. मला मात्र त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सर, नुसती पास नको. कुणी बोट दाखवाय नको, अशी पास पायजे."

परीक्षेच्या आधी मी वर्गाला बजावलं की बोर्डाच्या पेपरात पुस्तकातलीच रीत वापरा. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं की अगदीच वेळ कमी पडला तर मात्र निश्चयक मारा. हे दुसरं वाक्य मी बोललो नसतो तर हा लेख तुम्हाला वाचावा लागला नसता.

बीजगणिताच्या पेपरात रझिया एका अवयवांच्या गणितात अडकली आणि शेवटच्या गणिताला तिच्यापाशी पाच-सात मिनिटंच उरली. तिने निश्चयक मारला. गणित सुटलं, उत्तर आलं, आणि वर्षभर वळण लागलेल्या तिच्या हाताने खाली लिहिलं: "रीत – चौगुले सर".

आता उत्तरपत्रिका तपासण्याच्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. परीक्षकाला मुलाचं नाव, गाव, शाळा काहीच माहीत नसतं. त्याच्यापुढे एक नंबर असतो आणि हाताशी आदर्श उत्तरांचा कागद. प्रत्येक पायरीला अर्धा किंवा एक गुण ठरलेला. पोरगं त्या पायऱ्यांनी वर चढलं तर काम सोपं. ते भिंतीवरून उडी मारून वर गेलं तर परीक्षकाला कळत नाही की त्याला कुठल्या पायरीचे गुण द्यायचे. पुढे मीही पुष्कळ वर्षं परीक्षक होतो आणि नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली. एकाने गणित न सोडवता "उत्तर आपणास ठाऊकच आहे" असं लिहिलं होतं. एकाने पहिल्या पानावर "तपासणाऱ्या पावण्यांना नमस्कार" घातला होता. एकाने म्हैस अडली होती म्हणून अभ्यास राहिला अशी दीड पान हकिकत लिहिली होती, पण म्हशीचं पुढे काय झालं ते लिहिलं नव्हतं. मी दोन दिवस बेचैन होतो.

अशा गोष्टी परीक्षक हसून सोडून देतो. पण एक नियम कडक असतो. उत्तरपत्रिकेत ओळख पटेल असं काही लिहायचं नाही. नाव, खूण, काहीही. आणि रझियाने तर माझं आडनाव पेठेत पाटी लावावी तसं लावलं होतं.

ज्यांच्याकडे तिचा पेपर गेला त्या परीक्षकांना मी दोष देत नाही. निश्चयकाशी त्यांची कधी गाठ पडली नसावी. त्यांनी वर पाठवलेला अहवाल मला नंतर वाचायला मिळाला. त्यात लिहिलं होतं की शेवटच्या प्रश्नात उभ्या रेघांच्या आत सांकेतिक आकडे आढळले असून खाली एका व्यक्तीचे नाव आहे. पुढचं वाक्य असं होतं: "उत्तरे बरोबर आहेत, ही बाब विशेष संशयास्पद वाटते."

निकाल वर्तमानपत्रात नंबरांनी छापून यायचा. आमच्या शाळेचे नंबर आले, त्यात रझियाचा नव्हता. चौकशी केली तेव्हा निकाल राखून ठेवल्याचं कळलं. दुपारपर्यंत गारगोटीत झालं की पिंजाऱ्याची पोरगी कॉपीत सापडली. मग शाळेला बोर्डाचं पत्र आलं. विद्यार्थिनी, पालक, मुख्याध्यापक आणि "सदर चौगुले" यांनी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात चौकशीसाठी हजर राहावं. हेडमास्तरांनी ते पत्र माझ्या हातात दिलं आणि बराच वेळ टोपी सारखी करत राहिले. मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. ते दोघांनाही आठवलं.

मी चार दिवस बसून निवेदन लिहिलं. निश्चयकाची उपपत्ती, त्याचे फायदे, रीत उसनी घेण्यातली नैतिक बाजू, असं तीन पानांचं. मग ते खिशात घालून दस्तगीरभाईंच्या शेडवर गेलो. ते पिंजत बसले होते. मी सांगत होतो आणि पिंजायच्या धनुष्याची तार मधे मधे ढुम्म करत होती. मी बोलायचा थांबलो तेव्हा तारही थांबली.

"सर, एकच सांगा. पोरीनं चोरी केली का?"

"नाही."

"मग तुमचं नाव कशापायी लिवलं तिनं?"

मी त्यांना नियम सांगितला. परात, तांबे, लग्नातला भांड्यांचा ढीग, सगळं सांगितलं. ते बोटांनी कापसातली सरकी निवडत ऐकत होते.

"म्हंजे भांड्यावर नाव घालत्यात तसं?"

"तसंच."

"आन् त्यास्नी ह्यात चोरी दिसली?" त्यांनी सरकी बाजूला टाकली. "चोर भांडं घरात आणतो तवा आधी त्यावरचं नाव घासतो, सर. हिनं तर घातलंय."

मी बी.एस्सी. झालेला माणूस, चार दिवस जे शोधत होतो ते या माणसाने सरकी निवडता निवडता काढून माझ्यापुढे ठेवलं. निवेदन मी खिशातून बाहेर काढलंच नाही.

चौकशीच्या दिवशी आम्ही सकाळच्या एस.टी.ने निघालो. स्टँडवर एक तरुण पुढे येऊन "चला सर" म्हणाला, तेव्हा मी त्याला आपण कोण असं विचारणार होतो. दस्तगीरभाई आंघोळ करून आले होते. रझिया शाळेच्या गणवेशात होती. हेडमास्तरांनी खिडकीची जागा घेतली आणि वाऱ्याने टोपी उडू नये म्हणून कोल्हापूर येईपर्यंत ती धरून ठेवली.

हायस्कुलाच्या एका वर्गात टेबलामागे बोर्डाचे मोठे साहेब बसले होते आणि शेजारी जबाब लिहून घ्यायला एक कारकून. साहेब मूळचे गणिताचेच शिक्षक होते, आवाज करडा पण माणूस सरळ. त्यांनी उत्तरपत्रिका माझ्यापुढे धरली आणि नाव तुमचंच का असं विचारलं. मी हो म्हणालो आणि निश्चयक म्हणजे काय ते सांगायला लागलो. मी उठून फळ्याकडे निघालो होतो.

"बसा," साहेब म्हणाले. "तुम्ही शिकवता हेच तर प्रकरण आहे."

त्यांनी रझियाला फळ्यापाशी बोलावलं. पेपरातलं उत्तर तिला बाहेरून कुणी पुरवलं नसेल, तर तिने इथे सगळ्यांसमोर गणित सोडवून दाखवावं. ते बसल्या जागी मनानेच सांगत गेले आणि तिने लिहून घेतलं: चार क्ष अधिक सहा य बरोबर दहा. सहा क्ष अधिक नऊ य बरोबर वीस.

तिने उभ्या दोन रेघा मारल्या. चार, सहा, सहा, नऊ मांडले. चार नवे छत्तीस, सहा सक छत्तीस. छत्तीसातून छत्तीस गेले. तिने शून्य लिहिलं आणि खडू खाली आला.

मागे बाकावर बसलेल्या मला तिच्याआधी एक क्षण ते दिसलं होतं, आणि मला तोंड उघडायची बंदी होती. शिक्षकाच्या आयुष्यात याहून मोठी शिक्षा मी भोगलेली नाही.

"अडलीस?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, हे गणित सुटत न्हाय."

"तुला सुटत नाही."

"कुणालाच सुटायचं न्हाय, साहेब. खाली शून्य आलंया. ह्या दोन समीकरणांच्या रेघा आलेखात एकमेकीस्नी भेटतच न्हाईत."

कारकुनाने लेखणी थांबवून साहेबांकडे पाहिलं आणि हे लिहून घ्यायचं का असं हळूच विचारलं. साहेब उठले. त्यांनी तिच्या हातातून खडू घेतला आणि शाळेच्या पुस्तकातल्या रीतीने, व्यवस्थित पायऱ्यांनी, गणित सोडवायला घेतलं. पहिल्या समीकरणाला तिनाने गुणलं, दुसऱ्याला दोनाने. वजाबाकी केली. क्ष गेला, पाठोपाठ य गेला, आणि फळ्यावर राहिलं: शून्य बरोबर दहा.

साहेब त्याकडे बराच वेळ बघत राहिले. एवढी शांतता झाली की आपण काहीतरी बोलावं असं दस्तगीरभाईंना वाटलं असावं.

"साहेब," ते म्हणाले, "तुमच्या खुर्चीवरची गादी पार बसलीया. कापूस पिंजून घ्याय पायजे."

साहेबांनी वळून खुर्चीकडे पाहिलं, मग दस्तगीरभाईंकडे, मग पुन्हा फळ्याकडे. त्यांनी शून्य आणि दहा स्वतःच्या हाताने पुसले. दुसरं गणित घालण्याआधी मात्र ते टेबलाशी बसले आणि कागदावर ते आधी आपण सोडवून पाहिलं. मग सांगितलं: तीन क्ष अधिक दोन य बरोबर सोळा. पाच क्ष वजा य बरोबर पाच.

रझियाने तीन चौकटी मांडल्या. उणे तेरा, उणे सव्वीस, उणे पासष्ट. क्ष दोन, य पाच. फळ्यावर पाच ओळीसुद्धा झाल्या नाहीत. साहेब आपल्या कागदाशी ताळा बघून मान हलवत होते. माझा जीव भांड्यात पडतोय तोच मला दिसलं की खडू अजून थांबलेला नाही. तो खाली सरकला, आणि चौकशीला बसलेल्या साहेबांसमोर, ठळक अक्षरात, तिने लिहिलं: "रीत – चौगुले सर".

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा हेडमास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्यांना बिनटोपीचं मी तेव्हाच पाहिलं.

"हे इथे कुणाला दाखवायला लिहिलंस?" साहेबांनी विचारलं.

रझियाने फळ्याकडे पाहिलं. ते आपणच लिहिलंय हे तिलाही आत्ताच कळत असावं. "कुणाला न्हाय, साहेब," ती म्हणाली. "उसनी हाय म्हणून."

साहेबांना ते कळलं नाही. मी उठणार होतो, पण दस्तगीरभाई आधीच उभे होते. त्यांनी परात, तांब्या आणि लग्नाचा ढीग असं सगळं, जणू त्यांच्याच घरात घडल्यासारखं, साहेबांना सांगितलं, आणि शेवटी चोर आधी नाव घासतो हे सांगितलं. मग म्हणाले, "चोरी असंल तर लिवा तुमच्या कागदात. पर मग चोरानं नाव का घातलं, ते बी लिवा."

कारकुनाने या वेळी विचारलं नाही. त्याने ते लिहून घेतलं. परीक्षेच्या दप्तरात कुठेतरी ते वाक्य अजून असेल.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. गणिताची रीत ग्राह्य धरण्यात येत आहे. निकाल जाहीर करण्यात येत आहे. अनावश्यक नाव लिहिल्याबद्दल एक गुण वजा. संबंधित शिक्षकास समज देण्यात यावी. म्हणजे पाचपैकी चार. माझ्या नावाची किंमत कागदोपत्री ठरली ती अशी, उणे एक. आज हीच रीत दहावीच्या पुस्तकात आहे, एका परदेशी गणितज्ञाच्या नावासकट. मुलं पेपरात ते नाव लिहितात आणि त्यांना वर गुण मिळतात. त्या गृहस्थांचं आडनाव चौगुले असतं तर बघितलं असतं.

हेडमास्तरांनी मला समज दिली. ती अशी: "रीत शिकवा, नाव आवरा." त्याच वर्षी त्यांनी मला कायम केलं.

रझियाला उत्तम गुण मिळाले होते. दस्तगीरभाईंनी पत्र शेडच्या पत्र्यावर चिकटवलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावलं. पण पत्र येईपर्यंत कोल्हापूरच्या कॉलेजातले प्रवेश संपले होते. मी तिला घेऊन तिथल्या ऑफिसात गेलो, पुष्कळ बोललो, खिशातलं तीन पानी निवेदनसुद्धा दाखवलं. तिथले हेडक्लार्क चांगले वागले, पण पुढच्या वर्षी या म्हणाले. परत येताना एस.टी.त मी तिची माफी मागायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "सर, तीन-तीन आकड्यांच्या तीन ओळी असल्यावर कसं करायचं ते राहिलंय." मी तिला खिडकीच्या काचेवर बोटाने ते काढून दाखवत आलो. त्या वर्षात तिने गाद्या भरल्या आणि उरलेल्या वेळात माझी कॉलेजातली सगळी पुस्तकं संपवली. हे ऐकायला छान वाटतं. पण एका मुलीचं एक वर्ष माझ्या दुसऱ्या वाक्यामुळे गेलं, ते मी आजही माझ्याकडेच धरतो.

पुढे ती बी.एस्सी., बी.एड. झाली आणि मिरजेच्या बाजूला एका हायस्कुलात गणित शिकवायला लागली. लग्न झालं, पत्र वर्षाकाठी एखादं यायचं, त्यातही बहुधा एक गणित असायचं.

मॅट्रिक दहावीला आली त्यानंतरची गोष्ट. आम्ही परीक्षक मंडळी एका शाळेत बसून पेपर तपासत होतो. आम्हाला आमच्या भागातले गठ्ठे देत नसत. बीजगणिताचा पेपर होता, आणि निश्चयक तेव्हाही अभ्यासक्रमात नव्हता. एका पेपरात मला उभ्या रेघा दिसल्या, पट्टीने मारलेल्या. मी चष्मा पुसला. गणित बरोबर होतं. त्याखाली लिहिलं होतं: "रीत –". पुढे काही नाही.

पुढच्या पेपरातही तसंच. त्या गठ्ठ्यात असे नऊ पेपर निघाले. नऊ वेगवेगळी अक्षरं, आणि प्रत्येक गणिताखाली "रीत –" आणि पुढे कोरा कागद.

परीक्षकाने पेपर कुठला, कुणाचा याचा अंदाज करायचा नसतो. मी केला नाही. नियम कडक लावायचा तर ही रेघसुद्धा खूण होते आणि ती वर कळवायला हवी होती. मी पेन हातात घेतलं. तेवढ्यात आमचे मुख्य परीक्षक मागून आले, माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, हे काय चौगुले, पुढचं लिहायचं विसरलं का पोरगं?

मी म्हणालो, नाही, विसरलं नाही. ते पुढच्या टेबलाकडे गेले.

नाव घासलेलं नव्हतं. नावापुरती जागा मोकळी ठेवली होती. मी पायऱ्या बघितल्या, ताळा केला, पाचपैकी पाच दिले, आणि बरोबरची लाल खूण जिथे करतात तिथे न करता त्या मोकळ्या जागेत केली. नऊही पेपरांत.